विमानाच्या चाकामागचा ठोकळा

मी एकदा उभ्या विमानाच्या चाकामागचा लाकडी ठोकळा काढला आणि माझ्या जीपच्या चाकामागे लावला. पुढे ते विमान चोरीला गेल्याची फिर्याद आली, तेव्हा तपासही मीच केला.

निवृत्तीनंतर हे लिहायला आता हरकत नाही. नोकरीत मी दरोडे उघडकीस आणले, एकदोन अवघड खून उलगडले. पण चंद्रपूरपासून अहेरीपर्यंत कुणी जुना सहकारी भेटला, तर खुनांचं नाव काढत नाही. "साहेब, विमान काय म्हणतंय?" एवढंच विचारतो आणि हसतो. त्यामुळे ही घटना विसरायची सोय मला कधी मिळालीच नाही. नावं मात्र कुणाची घेत नाही. गाढवपणा ज्याने केला त्याचं नाव या लेखावर छापलेलं आहेच.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नदी ओलांडली की गडचिरोली. आधीची काही वर्षं मी पलीकडे, नक्षलग्रस्त एटापल्ली-अहेरी भागात काढली होती, त्यामुळे झुडूप हललं तरी माझा हात कमरेकडे जायचा. या नव्या ठाण्यात झुडपं हलायची ती फक्त शेळ्यांमुळे. धानाच्या बांधावरून भांडण, कोंबडीवरून भांडण, आणि भांडण का मिटवलं म्हणून भांडण. मी अगदी कंटाळून गेलो होतो. अशात खबर आली.

खबर देणारा ठाण्यासमोरचा चहावाला. गावाबाहेर एका निवृत्त वैमानिकाची शेती होती. आम्ही सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचो. शेतात त्यांनी स्वतःची धावपट्टी केली होती आणि दोन माणसांचं एक छोटं विमान बाळगलं होतं; गाव त्याला जहाज म्हणायचं. सगळ्या परवानग्या रीतसर होत्या, कागद ठाण्यातही होते. चहावाल्याला मात्र वेगळाच संशय होता.

"सायेब," कपात चहा ओतत तो हळूच म्हणाला, "ते जहाज येते तवा डोंगराकडं तोंड करून येते, अन् जाते तवा डोंगराकडं पाठ करून जाते. वारा कुठूनबी असो. सरळ माणूस असं करते का?"

मला ते एकदम पटलं. दुपारीच जीप काढली.

धावपट्टी बघितली आणि मी चाटच पडलो. सपाट असते अशी आपली समजूत. ही पट्टी म्हणजे टेकडीच्या अंगावर टाकलेलं लांबलचक धोतर. वरचं टोक डोंगराला टेकलेलं, मध्ये एक उंचवटा आणि खालचं टोक त्या उंचवट्याआड गेलेलं. वरून बघितलं तर अर्धी पट्टीच दिसायची.

"ही अशी तिरकी का?" मी ठाणेदारी आवाजात विचारलं.

कॅप्टन उंच, शिडशिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते म्हणाले, "सपाट जमीन धानाची आहे, साहेब. धानाच्या जमिनीवर विमान उतरवलं तर गाव मला उभं राहू देईल का? ही बरड तेवढी उरली होती." मग त्यांनी मला नीट समजावलं. उतरायचं ते चढावर, म्हणजे चढच ब्रेकचं काम करतो. निघायचं ते उतारावर, म्हणजे उतारच ढकलायला मदत करतो. इतक्या उतारापुढे साधा वारा कुणी विचारात घेत नाही, आणि वारा जास्त असला तर ते उडतच नाहीत. चहावाल्याचा संशय तिथेच संपला. पण "जाताना नेहमी उतारावर" हे वाक्य मी तपासी अधिकाऱ्याच्या थाटात डोक्यात पक्कं बसवून घेतलं. पुढचा सगळा घोळ त्या वाक्यामुळेच झाला.

पट्टीच्या वरच्या टोकाला विमान उभं करायला सिमेंटचा सपाट ओटा होता. त्या दिवशी विमान ओट्यावर नव्हतं, खाली उतारावर होतं, कारण ओटाभर मोहफुलं वाळत घातलेली. मोहाच्या दिवसांत गावातल्या बायका पहाटे फुलं वेचायच्या आणि इथे आणून पसरायच्या. माती न लागता वाळायला इतकी चांगली जागा आसपास दुसरी नव्हती. या बायकांची पुढारी म्हणजे कॅप्टनच्या राखणदाराची बायको. ओटा हंगामभर तिच्या ताब्यात द्यायचा आणि हंगाम संपला की कॅप्टननी तिला विमानातून गावावरून फिरवून आणायचं, असा दोघांचा तोंडी करार होता.

"नवऱ्याला नाही फिरवत?" मी विचारलं.

"त्याले भेव लागते," ती म्हणाली. "मले वरून आमचं घर पाहाचं हाये. हा म्हणते छप्पर शाकारलं, खरंच शाकारलं का नाई ते वरूनच दिसन."

राखणदार शेजारी उभा राहून चपलेने माती उकरत होता.

आता मूळ गुन्ह्याकडे येतो. ओटा मोहाने भरलेला, म्हणून माझी जीपही उतारावरच उभी. तिचा हातब्रेक केवळ शोभेचा होता. ड्रायव्हर हवालदार पाय ब्रेकवर ठेवून बसला होता आणि त्याला पाणी प्यायला जायचं होतं. मी म्हणालो, चाकामागे दगड लाव. आता आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दगडांना काही तोटा नाही, पण त्या पट्टीवर औषधालाही दगड सापडेना. विमानाच्या पंख्याला खडा लागू नये म्हणून राखणदार रोज सकाळी पट्टी वेचून काढायचा. तेवढ्यात माझी नजर विमानाच्या चाकाकडे गेली.

चाकाला पिवळे रंगवलेले दोन ठोकळे होते. एक पुढे, एक मागे. दुसऱ्या चाकाचे ठोकळे वाळवीने खाल्ले म्हणून सुताराकडे नवे करायला टाकले होते. कॅप्टन आणि राखणदार ओट्यापलीकडे पाण्याची टाकी दाखवायला पुढे निघाले होते. मी विचार केला. होय, वाचकहो, मी विचार केला, हे मुद्दाम सांगतो. विमान जातं पुढे. मागे जाणारं विमान कुणी पाहिलंय? म्हणजे मागचा ठोकळा जास्तीचा. तो मी काढला आणि जीपला लावला.

विमानाचं तोंड चढाकडे होतं आणि शेपूट उताराकडे, ही बारीकसारीक बाब माझ्या नजरेतून सुटली. विमानही तेव्हा स्वतःच्या ब्रेकवर जागच्या जागी उभं राहिलं, म्हणून शंकाही आली नाही.

पाहणी आटोपली. कॅप्टन एका लग्नासाठी मोटारीने नागपूरला निघाले, आम्ही ठाण्याकडे. निघताना हवालदाराने ठोकळा उचलून जीपमध्ये टाकला. आपलाच समजून. मीही बघत होतो, आपलाच समजून. ठाण्याचं पुढचं दार वाऱ्याने सारखं आपटायचं. त्या संध्याकाळी त्याला तो ठोकळा लावला तर दार गप्प झालं. मी हवालदाराला शाबासकीही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखणदार धापा टाकत ठाण्यात आला. "सायेब, जहाज गेलं!"

"कुठं गेलं?"

"तेच तं विचाराले आलो जी."

माझ्या अंगात वीज संचारली. विमानाची चोरी! उभ्या विदर्भात कुणा ठाणेदाराला असली फिर्याद मिळाली नसेल. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले, पट्टीवर गेलो. मोह वाळवणाऱ्या बायका ओट्यावर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. आदल्या दिवशी विमान जिथे होतं तिथून चाकांच्या खुणा उताराने खाली गेल्या होत्या, सरळ उंचवट्यापर्यंत. माझ्या डोक्यात कालचं वाक्य वाजलं. जाताना नेहमी उतारावर! म्हणजे चोराने रीतसर उड्डाण केलं होतं.

पंचांपैकी एकाने विचारलं, "उंचवट्याच्या तिकडं पाहू का, सायेब?"

मी खाली बघितलं. ऊन डोक्यावर आलेलं. जेवढं उतरायचं तेवढंच परत चढायचं, हा हिशेब मला पटकन जमला. "उडालेलं विमान जमिनीवर शोधून काय करणार?" असं मी म्हणालो आणि पंचनामा तिथेच संपवला. पंच खूश झाले. त्यांनाही चढायचं नव्हतंच.

राखणदाराने एक गोष्ट दाखवली. "चाकामागचा ठोकळा बी नेला, सायेब. पुढचा हाये."

मी थबकलो. मग पंचांकडे वळून समजावलं, की ठोकळा नेणारा चोर साधा नाही, विमानातला जाणकार आहे. पुढे कुठे उतरला तर चाकाला लावायला हवा, म्हणून सोबत नेला. ठाण्यात येऊन आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश धाडला. एक विमान, रंग पांढरा. एक लाकडी ठोकळा, रंग पिवळा. आढळल्यास तात्काळ कळवावे. संदेश देऊन मी बाहेर आलो तो ठोकळ्याला वळसा घालून, कारण आदल्या संध्याकाळी अंगठा आपटला होता.

विमानाच्या दाराची एक किल्ली कॅप्टनकडे होती, दुसरी राखणदाराकडे. कॅप्टन नागपुरात. उरला राखणदार. मी त्याला समोर बसवलं.

"आवाज कधी आला?"

"आलाच नाई. जहाज सुरू झालं की आमची कुत्री गाव डोक्यावर घेतेत. काल एक कुत्रं भुकलं नाई."

मी हे टिपून घेतलं. कुत्री ओळखीच्या माणसावर भुंकत नाहीत. म्हणजे चोर ओळखीचा. विमानाचं इंजिन कुणाच्याच ओळखीचं नसतं, हे तेव्हा सुचलं नाही.

"तुला विमान चालवता येतं?"

"मले उतारावर सायकलचं बी भेव लागते, जी."

"मग साथीदार कोण?"

"मले काऊन विचारता? चोराले विचारा ना."

खोटं बोलणारा माणूस प्रश्नापेक्षा जास्त उत्तर देतो, हा माझा अनुभव. हा तर प्रश्नापेक्षा कमी देत होता. माझ्या अनुभवाला न जुमानता मी ठरवलं, की हा पक्का मुरलेला आहे. त्याला सांगितलं, संध्याकाळपर्यंत साथीदाराचं नाव दिलं नाहीस तर कोठडीत टाकीन आणि उद्या कोर्टात उभा करीन. तेव्हा पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. तो हाताची बोटं एकात एक अडकवून बसला. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे होतं काय, तर एक किल्ली आणि काही न भुंकलेली कुत्री. तेवढ्यावर तो माणूस आयुष्यातून उठला असता.

तेवढ्यात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन हजर. वडापच्या काळीपिवळी जीपला मागे उभी राहून आली होती. चेहऱ्यावर ऊन आणि राग दोन्ही.

"माह्या माणसानं काय केलं?"

"चौकशी सुरू आहे, बाई. बाहेर बसा."

"कुठी बसू? बाकडं तं तुमच्या शिपायायनं अडवलं."

"बसा कुठंही. आत यायचं नाही."

ती दारात गेली. क्षणभरात दार धाडकन आपटलं. मी ओरडलो, "दार कोणी लावलं?" शिपायाने उघडलं, ते परत आपटलं. शेवटी त्याने दाराला खुर्ची लावली आणि चौकशी पुढे सुरू झाली. ती बाई उंबऱ्याबाहेर काहीतरी घेऊन टेकली होती आणि बसल्या बसल्या आतलं सगळं ऐकत होती.

मी टेबलावर थाप मारली. "शेवटचं विचारतो. ठोकळा कुठं लपवलास? ठोकळा मिळाला की विमान मिळेल!"

माझ्या त्या तपासातलं खरं ठरलेलं हे एकमेव वाक्य.

"कोणता ठोकळा?" बाहेरून आवाज आला.

"बाई, मध्ये बोलू नका. पिवळा ठोकळा. विमानाच्या चाकामागचा."

मग ती उठली. ज्याच्यावर बसली होती ते पाटाएवढं लाकूड तिने दोन्ही हातांनी उचललं, उलटंसुलटं केलं आणि सरळ आत येऊन माझ्या टेबलावर ठेवलं.

"ठाणेदार सायेब, तुमी ज्याले गडचिरोलीपावतर शोधून राह्यले, त्याच्यावर मी मघापासून बसून हावो."

कोपऱ्यात बिनतारी यंत्र खरखरत होतं.

"हा तुमचाच कशावरून?" मी विचारलं. सवय, दुसरं काय.

"रंग मी मारला हाये." तिने ठोकळा पालथा केला. खालच्या कोऱ्या लाकडावर चार पिवळी बोटं उमटली होती. तिने त्यांच्यावर आपली बोटं ठेवली. तंतोतंत. आमच्या बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञाकडूनही इतका झटपट अहवाल कधी आला नाही.

मी हवालदाराकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. राखणदार माझ्याकडे बघत होता. आणि हळूहळू मला ते चाक दिसू लागलं, तो उतार दिसू लागला, आणि उताराकडे केलेलं विमानाचं शेपूटही.

"चला," मी उठलो. "पट्टीवर."

या वेळी उंचवटा ओलांडून गेलो. सगळं गाव मागे. रात्री ब्रेक ढिला पडल्यावर विमान जिकडे गेलं त्या खुणा उंचवट्यानंतर डावीकडे वळल्या होत्या आणि खाली आटलेल्या बोडीत उतरल्या होत्या. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. उन्हाळ्यात ते आटतं आणि आत बेशरमाची झुडपं माणसाच्या डोक्याइतकी माजतात. त्या झुडपांत, पांढऱ्या-जांभळ्या फुलांत, विमान शेपटाकडून शिरून आरामात बसलं होतं. एका पंखावर बगळा बसला होता. दुसऱ्या पंखाच्या सावलीत कुणाची तरी म्हैस रवंथ करत होती. माझ्या कर्तबगारीला साजेसं झाड विमानाने बरोबर निवडलं होतं.

राखणदार धावत खाली गेला. विमानाभोवती एक चक्कर मारली, पंखावरून हात फिरवला आणि ओरडला, "हाये, हाये! जहाज हाये!" आणि चक्क नाचायला लागला. बायका हसत सुटल्या. मघाशी ज्याला मी कोर्टात उभा करणार होतो, तो माणूस बगळ्याला हुसकावत नाचत होता. सांगायला लाज वाटते, पण मलाही इतका आनंद झाला होता की मीही हसायला लागलो.

कॅप्टनना फोन केला. सगळं सांगून झालं आणि पलीकडून हसू ऐकू आलं. "साहेब, आजवर ढगांनी फसवलं, वाऱ्याने फसवलं. पोलिसांनी पहिल्यांदाच!"

वरिष्ठांचा फोन त्यानंतर आला. माझा बिनतारी संदेश त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"चोर सापडला म्हणे?"

"सापडला, सर."

"कुठं?"

"ठाण्यातच, सर."

"शाबास! अटक केली?"

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी मला लेखी खुलासा मागितला. तो मी दिला, आणि तो त्यांनी पुढे अनेक मेजवान्यांत मोठ्याने वाचून दाखवला असं ऐकतो.

कॅप्टन नागपूरहून परतल्यावर विमान वर आणायचं ठरलं. बैलजोड्या आल्या, दोर आले, गाव आलं. बैल पुढून ओढायचे, माणसं मागून रेटायची. चढ इतका, की दर थोड्या वेळाने दम घ्यावा लागे, आणि थांबलं की विमान मागे येई. राखणदाराच्या बायकोने सगळ्यांना कामं वाटून दिली. मी विचारलं, "मी काय करू?" तिने पिवळा ठोकळा माझ्या हातात दिला.

"थांबलो का चाकामागं लावाचा. निघालो का काढाचा. जमन?"

जमलं. खालपासून वरपर्यंत मी चाकामागे वाकून चाललो होतो. "थांबा!" अशी हाक आली की ठोकळा लाव, "चला!" म्हटलं की काढ. दर वेळी लोक वळून बघायचे, नीट लावला की नाही. पोलिसावर जनतेचं इतकं बारीक लक्ष मी कधी अनुभवलं नव्हतं. ओट्यावरचा मोह बायकांनी आधीच गोळा करून जागा मोकळी केली होती. विमान ओट्यावर चढलं तेव्हा जो गलका झाला, तसा मी पोळ्यालाही ऐकला नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या भरतीच्या पोरांसमोर बोलायला बोलावलं की मला हमखास विचारतात. मोठं तत्त्वज्ञान माझ्याकडे नाही. घटनास्थळ अर्धं बघून घरी जाऊ नये, ऊन असलं तरी. संशयिताच्या घराची झडती घेण्याआधी आपली जीप एकदा बघून घ्यावी. आणि एखादा माणूस "मला माहीत नाही" म्हणत असेल, तर त्याला खरंच माहीत नसण्याचीही शक्यता असते. ही शेवटची गोष्ट आम्हा पोलिसांना पटायला नोकरी संपावी लागते. मी नशीबवान, मला ती लवकर पटली. राखणदाराची मी गावासमोर माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, सायेब. डबा तं ठाण्यातच खाल्ला."

विमानाचं फारसं बिघडलं नव्हतं. नागपूरहून मेकॅनिक आले, शेपटाचा पत्रा सरळ झाला, सरकारी तपासणी झाली. मोहाचा हंगाम संपून तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली, तेव्हा एका सकाळी तोंडी कराराची पूर्तता झाली. मी मुद्दाम गेलो होतो. नवं लुगडं नेसून, पदर कमरेला घट्ट खोचून ती बाई विमानात बसली. विमान उताराने धावत सुटलं, उंचवट्याआड गेलं, आणि पलीकडून वर आलं. कुत्र्यांनी गाव डोक्यावर घेतलं. राखणदार डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघत होता.

विमान गावाला फेरी मारून चढावर उतरलं, ओट्यापाशी थांबलं. मी धावत जाऊन चाकामागे ठोकळा लावला. आता ते काम माझंच ठरलं होतं. बाई उतरली. चेहरा असा फुललेला, की बघत राहावं. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "छप्पर अर्धंच शाकारलं हाये." आणि खळखळून हसली.

कॅप्टन खूश होते. मला म्हणाले, "साहेब, आता पुढची फेरी तुमची. बसा."

मी टोपी सावरली, पाय उचललासुद्धा. तेवढ्यात बाईने कॅप्टनचा हात धरला.

"त्याहिले वर काऊन नेता, कॅप्टनभाऊ? चाकामागंच राहू द्या. तिथी तरी कामी येतेत."